खुर्चीवरचा सदरा

त्या दिवशी कुकटपल्लीच्या फ्लॅटात बाईसाहेब, त्यांचे कंप्युटरवाले साहेब, साहेबांचे पुण्याचे दोन दोस्त आणि पोळ्या करणारी मी, इतके जण होतो. भिंतीवर नवं चित्र होतं. रानात एक खुर्ची, तिच्यावर नुसता सदरा बसलेला, आत माणूस नाही, पुढ्यात जेवणाचा डबा.

"ही मुक्ती आहे," एक दोस्त म्हणाला.

"छे, स्वप्न आहे रे," दुसरा म्हणाला.

तेवढ्यात बाईसाहेबांना फ्रेमवर शेवंतीचं फूल दिसलं. ते मीच ठेवलं होतं.

"मावशी, हा काय देव आहे?" साहेब हसले.

"देव नाही. गेलेल्या माणसाच्या फोटोला वाहतात, तसं वाहिलं. सदरा राहिला, माणूस गेला. मला तेवढंच दिसलं."

बोलले आणि मला आमचे हे आठवले. बाहेरच्या देशातलं स्वस्त सामान आलं, हे कामाला होते ती फॅक्टरी बंद पडली, तेव्हा ते असाच डबा घेऊन निघाले ते परतलेच नाहीत. तीन वर्षं मी त्यांच्या फोटोला फूल वाहिलं नव्हतं, कुंकूही पुसलं नव्हतं. मी स्टुलावर चढले, फूल काढलं आणि पोळ्या लाटायला गेले.

अजून ते आले नाहीत. वाचणाऱ्यांनो, मी मेल्यावर माझ्या फोटोला फूल वाहा. शेजारच्या त्यांच्या फोटोला वाहू नका.