कोपऱ्यापासून चौथं फाटक

अमेरिकेतल्या सॅव्हाना शहराच्या जुन्या वस्तीत कोणाला काही आठवेनासं झालं, की लोक वर्लीन टॉलिव्हरचं दार ठोठावत. कुठलं चर्च कधी जळालं, कुठल्या पाद्रीबुवांना रातोरात गाव का सोडावं लागलं, सगळं तिला तोंडपाठ. वय त्र्याऐंशी. गुडघ्यांनी दगा दिला होता, पण जीभ शाबूत होती.

शेहेचाळीस सालच्या त्या बैठकीची तर ती एकटीच साक्षीदार उरली होती. त्या उन्हाळ्यात एका बड्या घरची गोरी मालकीण थंड हवेसाठी डोंगरात गेली होती आणि घराची किल्ली स्वयंपाकिणीकडे, म्हणजे वर्लीनच्या आईकडे होती. कपडे धुणाऱ्या अकरा काळ्या बायका त्या स्वयंपाकघरात जमल्या आणि त्यांनी ठरवलं, यापुढे रविवारी कोणाच्याही कपड्यांना इस्त्री फिरवायची नाही. सात वर्षांची वर्लीन टेबलाखाली बसून टोमॅटो घातलेला लाल भात खात होती.

इतिहास समितीने आता त्या घरापुढे माहितीची पाटी लावायचं ठरवलं. लेखी पुरावा म्हणून चिठोरंही नव्हतं. समितीच्या मिसेस पिंकनींनी वर्लीनला रस्त्यावर उभं करून विचारलं, तेव्हा तिने कोपऱ्यापासून चार घरं मोजली आणि बेधडक बोट दाखवलं. पाटी तयार झाली. शनिवारी महापौर यायचे होते.

घोळ झाला तो बुधवारी. त्या घराच्या नव्या मालकाने कौतुकाने तिला आत नेलं आणि वर्लीन गोंधळली. खिडकी डावीकडे हवी, ती उजवीकडे. चुलीच्या जागी भिंत.

"नंतर बदललं असेल गं आत्या," भाची जोनेल म्हणाली.

"भिंतीसुद्धा?"

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. खिडकी चुकली, मग बायका तरी अकराच होत्या का? मुळात बैठक झाली होती, की आईने सांगितलेली गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली असं धरून बसलो? म्हातारी मनातून घाबरली होती. तिच्याशिवाय त्या बायकांना जगात कोणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने हट्टच धरला, पुन्हा एकदा आत जाऊन बघायचं. जोनेलने पुढच्या दाराची घंटा वाजवली, वळून पाहते तर आत्या गायब. ती सापडली मागच्या बोळात. सवयीने काठी टेकत टेकत सरळ मागे गेली होती आणि भलत्याच फाटकाच्या विटांच्या खांबावर हात ठेवून उभी होती.

"इथे काय करतेस? हे शेजारचं घर."

"फाटकं मोज."

जोनेलने मोजली. चौथंच. तिने समोरच्या रस्त्यावरची घरं आठवली, पुन्हा मोजली आणि मग तिच्या लक्षात आलं. कोपऱ्यावरच्या घराचं फाटक आडव्या रस्त्यावर उघडत होतं. बोळात त्याची नुसती भिंत. बोळातलं चौथं फाटक म्हणजे रस्त्यावरचं पाचवं घर.

"पण आत्या, तू रोज यायचीस ना इथे?"

"रोज. मागून. पुढून ते कसं दिसतं, मला काय ठाऊक? पुढून आम्हाला कोण येऊ देत होतं?"

मिसेस पिंकनींना फोन गेला, त्या धावत आल्या. बाई वाईट नव्हत्या, फक्त घामाघूम झाल्या होत्या. "मिस वर्लीन, ऐन वेळी घर बदललं तर लोक म्हणतील, म्हातारीला बाकीचं तरी नीट आठवतंय कशावरून?"

"म्हणू देत. त्यांना सांगा, दोन वर्षं रोज ज्या घरात गेले त्याचं पुढचं दार मी पाहिलं नाही. मग विचारा, यातलं काय खोटं वाटतं."

मिसेस पिंकनींनी वही काढली आणि ती दोन वाक्यं आधी उतरवून घेतली.

पाचव्या घरात एक तरुण शिक्षिका राहत होती. सगळं ऐकून तिने पुढचं दार सताड उघडलं. "या ना, मिस वर्लीन. घर तुमचंच समजा."

वर्लीन उंच पायऱ्या एकेक करत चढली. जोनेल दंडाला धरून होती. वर दिवाणखाना, पियानो, छताला नक्षी. म्हातारी मधोमध थांबली आणि या दाराकडून त्या दाराकडे बघत राहिली.

"कुठेय, आत्या?"

"मला काय माहीत?" वर्लीन पुटपुटली. डोळे मिटून ज्या स्वयंपाकघरातली हरेक फरशी तिने सांगितली असती, तिथे इथून कसं जायचं तेच तिला कळेना. तिने शिक्षिकेकडे पाहिलं. "बाळ, स्वयंपाकघर कुठे आहे गं?"

"खाली आहे. चला, मी दाखवते," असं म्हणून शिक्षिकेने जिन्यातला दिवा लावला.