शिसं गेलं, काकू!

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण बस चुकल्यामुळं आमचे हे रंगकामाच्या नव्या बंगल्यावर दहा मिनिटं उशिरा पोचले आणि मॅडम घड्याळ बघतच दारात उभ्या होत्या. साल दोन हजार नऊ. आमची पिंकी तेव्हा दीड वर्षाची.

रंगाऱ्याच्या घरात किस्से भुकटीसारखे साचतात. पापण्यांवर, कानामागं, शर्टाच्या खिशात. संध्याकाळी शर्ट झटकला की दोन-चार पडणारच! खरं सांगू, ती भुकटी मला आवडायची. गुलाबी घराचं काम असलं की हे गुलाबी होऊन यायचे, निळ्या घराचं असलं की निळे. पिंकी धावत जाऊन गळ्यात पडायची आणि त्यांची कॉलर चोखत झोपी जायची. तिरप्या उन्हात दोघं रंगीत ढगासारखी दिसायची.

तर तो बंगला कासारसाईच्या धरणाकडं तोंड करून होता. जुना, पापुद्रे सुटलेला. मॅडम नुकत्याच अमेरिकेहून परत आलेल्या. त्यांनी ह्यांच्या हातात एक कागदच ठेवला. जुना रंग कोरडा घासायचा नाही, पाणी मारून घासायचा. खाली प्लॅस्टिक अंथरायचं. काम चालू असेल तिथं जेवायचं नाही. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत.

हे म्हणाले, "मॅडम, भिंती घासायच्यात का ऑपरेशन करायचंय?"

मॅडम हसल्या नाहीत. "जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली की मेंदूला इजा होते. वरून काही दिसत नाही. तिकडं कंत्राटदारांना हे नियम आहेत. इकडं नसले तरी माझ्या घरात आहेत!"

घरी येऊन हे हसत हसत सगळं सांगत होते. पिंकी मांडीवर बसून कॉलर चोखत होती. मी ती कॉलर तिच्या तोंडातनं ओढून काढली. ती रडायला लागली. मग मीपण.

*

ह्यांच्या हाताखाली रामसुमेर होता, उत्तर प्रदेशचा. हात लई सफाईदार. ह्यांनी त्याला आपल्या हिंदीत बजावलं, "इस घर में सीसा हाय. एकदम खतरनाक! बच्चों के पास जाने का नहीं!"

दुपारी मॅडम आल्या तर घरात एकही आरसा नाही. कपाटाचा, बेसिनवरचा, सगळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून व्हरांड्यात ओळीनं उभे.

"आरसे का काढले?"

"मिस्त्री ही तो बोले मैडम, सीसा खतरनाक है!"

"अरे, तो शीशा! हा सीसा!"

"हाँ, वही तो! सीसा!"

हिंदीत शिसं म्हणजे सीसा आणि आरसा म्हणजे शीशा, पण त्याच्या गावाकडं आरशालाही सीसाच म्हणतात. आता काय डोकं फोडायचं? आरसे आठवडाभर तसेच राहिले. हे सांगायचे, प्रत्येक आरशात धरणाचं पाणी हलायचं, प्लॅस्टिकमुळं धुकट धुकट, जणू कुणी पाच धरणं आणून भिंतीला टेकवलीत. ते ऐकताना माझे डोळे मिटायचे.

पण आठवडाभर बंगल्यात कुणालाच स्वतःचं तोंड दिसलं नाही. एक दिवस हे अर्धी मिशी पांढरी घेऊन बसमधनं आले. कंडक्टर म्हणाला, "काका, अर्धं तिकीट देऊ का?"

*

पौडचे उस्मानचाचा टोळीत सगळ्यात जुने. पाणी मारायचं म्हटल्यावर ते भडकलेच.

"भिताडाला अंघोळ घालायची व्हय? आरं, चाळीस वर्सं ही धूळ खातुया. मला काय झालं? सांग की अशोक, काय झालं मला?"

हे म्हणाले, "चाचा, मी दत्ता."

अशोकनं काम सोडून बारा वर्षं झाली होती! सगळे खो खो हसले. चाचाही हसले. दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली मात्र चाचांनीच भरून ठेवली होती.

*

मग मीपण घरात नियम काढला. कामावरनं आलं की मागच्या दारी कपडे काढायचे, तिथंच अंघोळ करायची, तोवर उंबरा ओलांडायचा नाही. पिंकी आतनं "बाबा, बाबा" करायची आणि मी तिला घट्ट धरून बसायची.

चौथ्या दिवशी शेजारच्या शेवंताकाकू आल्या. हातात ताट, वर फडकं. आत पिठलं-भाकरी. चेहरा पडलेला.

"कोण गेलं गं पोरी? चार दिस बघतीया, दत्ता मयताहून आल्यागत भाईरच अंगुळ करून घरात शिरतुया."

मला हसू आवरेना. म्हटलं, "शिसं गेलं, काकू!"

"कुणाचं गं?"

"बंगल्यातल्या मॅडमचं."

"आगं आई! लई म्हातारं हुतं का?"

"चाळीस वर्षांचं असेल."

काकूंनी तोंडाला पदर लावला. "तरणंच म्हणायचं की!"

पिठलं मात्र झकास होतं.

*

हा किस्सा कुणी हसण्यावारी नेत नाही. रविवारची सकाळ. पिंकी आमच्याच खिडकीत उभी. कोवळं ऊन तिच्या केसांतनं येत होतं, ओठावर हिरवी टिकली चमकत होती. मला वाटलं, कसलं पान असेल. चित्रासारखी दिसत होती, बघतच राहिले.

"काय खाल्लंस, बाळा?"

"गोद," ती म्हणाली. म्हणजे गोड; शिशाचा रंग चवीला गोडच लागतो.

खिडकीची चौकट ह्यांनी लग्नाआधी उरलेल्या ऑइलपेंटनं रंगवली होती. हिरव्या!

डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्ट यायला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी तिला उठता-बसता विचारायची, हे काय? ते काय? एकदा ती चिमणीला काऊ म्हणाली, तर मी ताट सारून परत तिला चिमणी दाखवत बसले.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "थोडं जास्त आहे. घाबरू नका. पण हे पोटात जाणं आजपासून बंद झालं पाहिजे." ह्यांनी आम्हा दोघींना माहेरी सोडलं, आणि प्लॅस्टिक अंथरून, पाणी मारून सगळी चौकट एकट्यानं खरवडली. तीन महिन्यांनी परत तपासलं तेव्हा आकडा उतरला होता. चिमणीला ती चिऊच म्हणत होती.

*

नंतर महाळुंग्याला एका साहेबांचं जुनं घर मिळालं. ह्यांनी दारं-खिडक्यांवर पाणी मारायला घेतलं, तर साहेब वैतागले.

"हे पाणीबिणी काय लावलंय? कोरडं घासा आणि दोन दिवसांत उरका!"

हे म्हणाले, "ही धूळ बारक्या पोरांना लई वाईट असती, साहेब."

"अहो, पण माझ्या घरात लहान मूल आहेच कुठं?"

ह्यांनी खरवडायचा पत्रा बादलीत बुडवला. म्हणाले, "माझ्या हाय."

तुमच्या माहितीत कुणी रंगारी असेल, तर त्याच्या बायकोला एवढं सांगा. तिला वाचता येत नसेल, तर वाचून दाखवा.