आईच्या पंपावरचा न हललेला आकडा

मित्रमैत्रिणींनो, मी इथे सहसा लिहीत नाही, केवळ वाचते. आज मात्र स्वतःच्या गप्प बसण्याची लाज वाटते आहे.

शिवाजी पेठेत माझी आई मिरची कांडपाचा डंक चालवते. तिला दमा आहे. आज सकाळी तिच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो.

"इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्यात. श्वासनलिकांची सूज आटोक्यात दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "मावशी, रोजचा पंप घेताय ना?"

"घेतो की! सकाळ-संध्याकाळ." आईने ठणकावून सांगितले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. कपाटातल्या पंपावरचा, उरलेले डोस दाखवणारा आकडा महिनाभर हललेला नाही, हे मला ठाऊक होते. तरीही मी मान डोलावली.

"मग दमा तीव्र असणार. औषध वाढवावं लागेल," म्हणत त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली.

बाहेर येताच मला रडू कोसळले. आई म्हणाली, "पंपाची सवय लागली की गिऱ्हाइकासमोरबी ओढावा लागंल. मग दमेकरी बाईकडं चटणी कोण कांडून घेईल? तुझं शिक्षण काय त्या पेशी करणार व्हय गं?"

आत्ता ती तोंडाला पदर बांधून डंकावर उभी आहे. त्या आवाजातही तिचा खोकला मला ऐकू येतो. तिच्या रक्ताने खरे सांगितले होते. मी मान डोलावून ते खोटे पाडले.

डॉक्टरांचा नंबर समोर आहे. आजवर परीक्षेतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मी लिहून दिले. आज बोलायचे आहे. कृपया, पहिले वाक्य काय असावे, तेवढे कोणी सांगाल का?