ठाऊक नसलेलं विचारणारी अनीपा

अनीपा आमच्या नारीन प्रांताच्या डोंगरातल्या बालवाडीत शिकवायची आणि मी तिथं स्वयंपाक करायचे. मुलं तिला एजे म्हणत, म्हणजे ताई. "मेंढीला पाय किती? बर्फाचा रंग कोणता?" ती खणखणीत आवाजात विचारी आणि मुलं एका सुरात उत्तर देत. नुर्झात तेवढी गप्प. पाच वर्षांची पोर, थंडी सुरू झाली तरी तिनं शाळेत तोंड उघडलं नव्हतं.

एकदा अनीपानं तिच्यापुढे मातीचा घोडा धरला. "सांग बघू, हा कोण?"

नुर्झातनं आधी घोड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एजे, तुम्हाला घोडा ओळखता येत नाही?"

मुलं खिदळली, मीही हसले. अनीपा नाही हसली. चहा पिताना मला म्हणाली, "पोरगी बरोबर बोलली गं. मला ठाऊक असतं तेच मी विचारते."

"मग दुसरं काय विचारणार?"

"ठाऊक नाही ते."

दुसऱ्या दिवशी तिनं लोकर आणली. एका घमेल्यात थंड पाणी, एकात सोसवेल इतकं गरम. "लोकर गरम पाण्यातच चटकन का जमते, घट्ट का होते?" एवढंच विचारून ती थांबली; उत्तर तिलाही ठाऊक नव्हतं. उत्तर सांगायची सवय जडलेल्या बाईला ते किती जड गेलं, तिच्या आवळलेल्या ओठांवरून दिसत होतं.

"थंड पाण्यात लोकर झोपते," एक जण म्हणाला.

"कशावरून?"

मग सगळ्यांनीच हात बुडवले. साबण, फेस, जमिनीवर पाणीच पाणी. नुर्झातनं गरम पाण्यातला आपला गोळा ओढून पाहिला. तो सुटेना.

"केसांनी एकमेकांना धरलंय," ती म्हणाली.

"कसं धरलं असेल?"

तिनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली.

आठवडाभरानं तिची आजी तावातावानं आली. "मास्तरीण तू, आणि विचारतेस पोरांना? ही घरी येऊन माझं डोकं खाते. जन्मभर अंथरायचे लोकरीचे नमदे केले मी, लोकर का जमते ते कधी कुणी विचारलं नाही."

"मग आजी, तुम्हाला काय वाटतं?" अनीपानं विचारलं.

"मला?" म्हातारी बाकावर टेकली. "दाबल्याशिवाय नाही जमत, एवढं खरं. नुसती भिजवून ठेवली तर..."

"तर काय होतं?" नुर्झातनं विचारलं.

"कोण जाणे. ठेवून नाही बघितली कधी."

आजीनं बाह्या वर सारल्या, आणि मी आणखी पाणी तापत ठेवलं.