पाव्हण्याले गोडं पाणी

आता काय सांगू तुम्हाले, पहिले हसून घ्या, मंग ऐका! माही सारी नोकरी अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात झाली, कृषी सहायक म्हणून; तिथं जमीनही खारी अन् विहिरीचं पाणीही खारं. वावरावर पांढरं मीठ फुटलं की लोक मले बोलवत. मी ऐटीत सांगे, "गोड्या पाण्यानं धुऊन काढा!" तेच ज्ञान घरात वापरलं अन् फसलो ना राजेहो!

माही पोरगी मुक्ता अमरावतीले संशोधन करते. कशावर? समुद्राच्या खाडीतल्या चिखलावर! आता वऱ्हाडात कुठं आला समुद्र? पण पोरीनं शोधला. खाडीकाठी चिखलावर बारीक जिवांचा थर जमते म्हणे, चामड्यासारखा. वर हिरवा, खाली जांभळा, त्याच्याखाली काळा. मुक्ता म्हणते, "बाबा, हे एक गावच आहे. वरचे उन्हावर जगतात, खालचे वरच्यांच्या उष्ट्यावर. अन् सगळे मिळून चिखल धरून ठेवतात, लाटेले वाहू देत नाहीत." सांगा, कोणाच्या पोरीले येते असं बोलता?

तं मे महिन्यात ती कोकणातून आली. रेल्वेत रातभर मांडीवर एक पसरट डबा धरून! त्यात तो थर.

"बाबा, सोमवारी सरांना हा जिवंत दाखवायचा आहे. पुढचं सगळं काम यावरच आहे. मी मैत्रिणीच्या लग्नाले अंजनगावले जाऊन उद्या येते. याले हात लावू नका."

"अवं, मी काहून हात लावू?"

दुपारी सहज डोकावलो. डब्याच्या काठावर पांढरं मीठ! बोट बुडवून चाखलं. थू! खारंजहर! आमच्याकडे पाव्हण्याले एकवेळ भाकर कमी पडंल, पण खारं पाणी कोणी देत नाही. त्याच्यासाठी गोडं पाणी कोसभरावरून आणत जाऊ आम्ही. अन् हा बिचारा एवढ्या लांबून आला, माह्या घरी खाऱ्यात पडून?

आतून बायको ओरडली, "तिनं हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"हात कोण लावून राहिलं? पाणी बदलून राहिलो!"

माठातलं गार पाणी ओतलं. थोड्या वेळानं तेही काढून पुन्हा भरलं. संध्याकाळी आणखी एकदा. बुडबुडे आले! म्हटलं, पाहा, कसा मोकळा श्वास घेऊन राहिला!

सकाळी पाहतो तं पाणी निळसर. मी धावत शेजारच्या हेडमास्तरले घेऊन आलो. रिटायर माणूस, पण शंका काढाची सवय जात नाही.

"पाणी निळं काहून झालं?"

"समुद्र निळा नाही तं काय पिवळा असते, मास्तर? आता खुलला तो!"

अर्धी कॉलनी पाहून गेली. बायकोनं चार वेळा चहा टाकला. अन् मी? मी तं अशा थाटात उभा, जसा समुद्र मीच खोदला!

दुपारी मुक्ता आली. डब्याकडे पाहिलं अन् तिच्या हातातली बॅग खाली पडली.

"बाबा, पाणी बदललं?"

"तीनदा!" मी छाती काढून सांगितलं.

ती मटकन खाली बसली. "मेले ते बाबा. हा निळा रंग त्यांच्या अंगातला आहे. पेशी फुटल्या."

"पण माय, ते मीठ..."

"मिठातच जगतात ते! गोडं पाणी त्यांना विष आहे."

माह्या तोंडचं पाणी पळालं. पोरीच्या डोळ्यांत पाणी पाहून मलेही रडू आलं. "आता सोमवारी सरांले काय दाखवशील वं?"

तिनं डोळे पुसले. "अर्धा थर माही लॅबमधली मैत्रीण कोकणातून सरळ अमरावतीले घेऊन गेली आहे."

"तो काहून वेगळा ठेवला?"

"तुम्ही घरी असता म्हणून!"

सोमवारी मीही अमरावतीले गेलो. घरी करमेना. मुक्तानं पडद्यावर दोन फोटो दाखवले. एक जिवंत थर, एक माहा निळा समुद्र. म्हणाली, "खाऱ्या पाण्याच्या जागी एकदम गोडं पाणी आलं तर काय होतं, हा प्रयोग माझ्या बाबांनी घरी केला."

सारा हॉल हसला. सरांनी मले विचारलं, "काय विचार करून केलं हे?"

मी उभा राहिलो. "सर, पाव्हण्याले खारं पाणी कसं देऊ?"

सर हसता हसता थांबले. मुक्ताले म्हणाले, "हा फोटो काढू नकोस. कामाचा आहे." आता सांगा, छाती फुगणार नाही?

लॅबले सुट्या लागणार होत्या, म्हणून थराचा एक तुकडा मुक्ता पुन्हा घरीच आणून राहिली होती. होय, माह्याच घरी! बसमध्ये बसलो तं तिनं डबा माह्या मांडीवर ठेवला. मले भरून आलं हो. एवढं करूनही पोरीचा बापावर केवढा भरोसा!

मंग तिनं दुसरा हात पुढं केला.

"अन् बाबा, तुमची पाण्याची बाटली इकडं द्या."

अकोल्यापर्यंत घसा कोरडा, पण डबा काही हलू दिला नाही!