आधी पाहील त्यानं म्हणायचं

मोहाडी तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मी तीन वर्षं शिकवलं. वर्तमानपत्रात गेलो तो त्यानंतर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी तिथं इंग्रजीचे एक शिक्षक आले. लाखनीकडचे, बौद्ध कुटुंबातले, घरातले पहिले पदवीधर. नेमणूक कच्ची होती. दोन वर्षांनी शाळा समिती ठरवणार होती, कायम करायचं की घरी पाठवायचं.

समितीचे अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी होते. सगळे त्यांना पाटील म्हणत. बस थांब्यावरून शाळेकडे जाणारा रस्ता त्यांच्या घरापुढून जाई. सकाळी पाटील सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, लाकडी खुर्ची टाकून बसलेले असत. जाणारा-येणारा 'रामराम पाटील' म्हणे. पाटील हनुवटी किंचित उचलत. आधी कोणी म्हणायचं हे गावात कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण त्यात कोणाची चूक झालेली मी पाहिली नाही.

नव्या शिक्षकांच्या घरी रामराम म्हणत नसत. त्यांच्या लोकांत 'जय भीम' होतं. पहिल्या दिवशी ते त्या सपरीपुढे आले तेव्हा मी बरोबर होतो. ते थांबले, पाटलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, पाटील." पाटलांची हनुवटी हलली नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले.

दुपारच्या सुटीत मी नव्या शिक्षकांना म्हणालो, रामराम म्हणायला काय जातं. मुख्याध्यापकांनीही तेच सुचवलं आणि दोन वर्षांची आठवण करून दिली. त्यांनी आमचं पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमच्या तोंडी तो रामराम आहे, सर," ते म्हणाले. "माझ्या बापानं धर्म बदलला त्या दिवसापर्यंत असल्याच पडव्यांपुढे वाकून जोहार केलाय. मी गप्प गेलो तर उर्मट ठरतो. जय भीम म्हणालो तर पाटील गप्प राहतील, आणि ते गप्प राहणं मला रोज ऐकावं लागेल. गुड मॉर्निंगला अजून कोणाची जात लागलेली नाही."

मग ते वह्या तपासायला बसले.

पाचवी ते दहावी, प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं त्यांनी या बोलण्यासाठी राखून ठेवली. हॅलो, गुड मॉर्निंग, हाउ आर यू. नियम एकच होता: जो आधी पाहील त्यानं म्हणायचं. लहान-मोठा, शिक्षक-विद्यार्थी हा हिशोब त्यात नव्हता. सकाळी ते फाटकाजवळ उभे राहत आणि पाचवीच्या मुलांनाही स्वतः आधी म्हणत. घंटा वाजवणाऱ्या शिपायानं तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं. 'हाउ आर यू'ला 'फाइन' एवढं पुरतं, असं ते शिकवत. पण आमच्या भागात 'कसं काय' विचारलं की माणूस खरं सांगतो. मुली 'फाइन सर' म्हणत आणि पुढं मराठीत सांगत की रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बाया मिळाल्या नाहीत, आईची कंबर धरली, बैल लंगडून राहिला. ते सगळं ऐकून घेत. पाच मिनिटांची पंधरा होत. तरी त्यांचा अभ्यासक्रम एकदाही मागे पडला नाही. कोणाचे किती धडे झाले याची नोंदवही माझ्याकडे असे, त्यामुळे मला हे नक्की ठाऊक आहे.

रोवणीच्या दिवसांत मुलं बांधाबांधानं शाळेत येत आणि चिखलात उभ्या असलेल्या बायांना गुड मॉर्निंग म्हणत. एकीनं एका मुलीला सांगितलं, "सांग तुया मास्तरले, आमची मॉर्निंग कवाचीच होऊन गेली." मास्तरांना हा निरोप मिळाला. त्यांनी तो वर्गात मोठ्यानं सांगितला आणि उत्तर बरोबर असल्याचं जाहीर केलं.

पाटलांची नात सातवीत होती. एका सकाळी तिनं त्याच सपरीतून, आजोबांच्या खुर्चीशेजारी उभं राहून, डोक्यावर धानाच्या रोपांचे परे घेऊन चाललेल्या बौद्ध वस्तीतल्या बाईला गुड मॉर्निंग म्हटलं. बाई न थांबता "मॉर्निंग, माय" म्हणत पुढं गेली. दुपारी शिक्षकांना पाटलांचं बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी मलाही सोबत पाठवलं.

पाटलांनी बसा म्हटलं नाही.

"मास्तर, हे गुड मॉर्निंग पहिले कोन म्हनते? लहान का मोठा?"

"जो आधी पाहील तो."

"मी पहिले पायलो तं?"

"तर तुम्ही, पाटील."

"आन मी नाही म्हनलो तं?"

"तर मी म्हणेन. मी रोज म्हणतोच."

पाटलांनी जा म्हणून हात केला.

दुसऱ्या दिवशी सपरीतल्या खुर्चीचं तोंड फिरलेलं होतं. पाटील गोठ्याकडे पाहत, रस्त्याकडे पाठ करून बसले होते. हा शिरस्ता त्यांनी पुढेही मोडला नाही. उरलेला पावसाळाभर, धान निघेपर्यंत आणि त्यानंतरही शिक्षकांनी त्या पाठीला गुड मॉर्निंग म्हटलं. आवाज एकदाही चढला नाही, एकदाही उतरला नाही. गावात लोक हसत. मला वाटलं, नोकरी गेली. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

"नियम मानला आहे त्यांनी," ते म्हणाले. "न मानणारा माणूस खुर्ची कशाला फिरवेल?"

दोन वर्षं संपायला पंधरवडा उरला असताना, एका संध्याकाळी आम्ही दोघं तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, येत होतो. समोरून पाटील आले. पाळ अरुंद होती. शिक्षक माझ्याकडे वळून काही सांगत होते, त्यामुळे त्यांचं पुढे लक्ष नव्हतं. पाटील थांबले. मागं वळले असते तर चाललं असतं. त्यांनी घसा साफ केला.

"गुड मॉर्निंग, मास्तर."

सूर्य तलावापलीकडे टेकला होता.

"गुड मॉर्निंग, पाटील," शिक्षक म्हणाले आणि त्यांना वाट देण्यासाठी पाळीच्या कडेला सरले. पाटील पुढं निघून गेल्यावर मी हसलो. ते हसले नाहीत.

आठ दिवसांनी समितीची बैठक झाली. अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायला मी बसलो होतो. विषय कायम करण्याचा निघाला तेव्हा एका सदस्यांनी हरकत घेतली. हा मास्तर गावात कोणालेच रामराम करत नाही, वडीलधाऱ्याची इज्जत ठेवत नाही, मग त्याले कायम कायले करता, असं त्यांचं म्हणणं होतं. बाकीचे पाटलांकडे पाहू लागले. पाटील समोरच्या कागदावरची नजर न काढता म्हणाले, "मले करते. मीबी त्याले करतो. पुढचं घ्या."

मी लिहिलं: इंग्रजी विषयाच्या शिक्षकास सेवेत कायम करण्यात यावे, सर्वानुमते मंजूर. हरकत घेणाऱ्या सदस्यांनीही सही केली. पुढचा विषय पावसाळ्याआधी छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरण्याचा होता.