काकवीची बरणी आणि कब्बाला

एखादी गोष्ट हाती घेतली की तिला घाम फोडल्याशिवाय न सोडणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच, आणि तो माझा साडू निघावा हे माझं नशीब. फौजेतून निवृत्त होऊन कुंडलला ऊस लावणाऱ्या या माणसाने आधी मधमाश्या पाळल्या, मग बासरी शिकली. दोन्हींचा त्रास शेजाऱ्यांना सारखाच झाला. गेल्या वर्षी त्यांनी मोबाइलवर कब्बाला शिकायला घेतली. ही ज्यू लोकांची जुनी गूढविद्या. कुंडलमध्ये तिच्या विद्यार्थ्यांची एकूण संख्या एक.

सुरुवातीला त्यांना वाटलं, आता दुसऱ्याच्या मनातलं कळेल, नजरबिजर लागणार नाही. डाव्या मनगटाला लाल दोरा बांधून ते आमच्याकडे साताऱ्याला आले आणि जेवताना माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मला भाजी खारट लागली होती, तेवढंही त्यांना ओळखता आलं नाही. पुढे हिंदीतून शिकवणाऱ्या गुरुजींनी सांगितलं की दोऱ्याचा इथे काही संबंध नाही. नव्या माणसाला आधी दिसतो तो स्वतःचा स्वार्थ. आपण देतो तेही काहीतरी परत मिळावं म्हणूनच. साडूंनी बरेच दिवस स्वतःवरच पाळत ठेवली. मग म्हणाले, "पाव्हणं, बराबर हाय त्येंचं. कुणाला च्या पाजला तरी त्यो 'झ्याक झालाय' म्हंतोय का, हिकडंच माजं ध्यान."

आता परत काही न घेता द्यायचंच, असा हुकूम त्यांनी स्वतःलाच सोडला. त्यासाठी जागा निवडली तीही सगळ्यात अवघड, धाकट्या भावाचं घर. त्याने मुलीच्या लग्नपत्रिकेत यांचं नाव सरपंचांच्या खाली छापलं, तेव्हापासून दारं समोरासमोर असूनही दोघांचं बोलणं बंद होतं. आतून मात्र साडू झुरत होते. भावाला आवडते म्हणून त्यांनी गुऱ्हाळावरून ताजी काकवी आणली, बरणीच्या तोंडाला फडकं लावलं, मनगटावरचा दोरा वाया कशाला घालवायचा म्हणून तोच वरून गुंडाळला आणि पहाटे बरणी गुपचूप त्याच्या उंबऱ्यावर ठेवली.

पुढचं मला मेव्हणीने सांगितलं. उजाडल्यावर गल्ली गोळा झाली. उंबऱ्यावर अनोळखी बरणी, वर लाल दोरा, आत काळसर दाट काहीतरी. कोणीतरी करणी केली, यात कुणालाच शंका उरली नाही. भावजय रडायला लागली, भाऊ देवऋष्याला आणायला मोटारसायकल काढू लागला. साडूंना गप्पच राहायचं होतं, अभ्यासच तो होता. पण ते रडणं त्यांना बघवेना. त्यांनी पुढे होऊन दोरा सोडला, बरणीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, "मी ठिवलीया. काकवी हाय."

भावाने गाडी परत स्टँडला लावली. मग म्हणाला, "आण्णा, नुसती हाक मारली आसती तरी आलो आसतो की मी."

दुपारी दोघांनी एकाच ताटात भाकरीबरोबर काकवी खाल्ली. संध्याकाळी साडूंचा फोन आला. मी अभिनंदन करायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं. "न्हाई पाव्हणं, नापास झालो. काय बी परत घ्यायचं न्हवतं, आन् भाऊच घिऊन बसलो. उद्यापासनं पैला धडा पुन्ना."

मी फोन ठेवला. या विद्येत त्यांनी कधीच पास होऊ नये, असं मला फार वाटलं.